रमजानची पावती, नोव्हेंबरचा पगार

गेल्या रमजानात मदरशाला किंवा शाळेला पैसे दिलेत, त्याची पावती आज कुठे आहे? बहुतेकांची सदऱ्याच्या खिशात राहते आणि धुण्यात विरघळते. दिलं, सुटलो, पुढचं अल्लाहच्या हवाले, असं आपलं असतं.

मी सव्वीस वर्षं कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात जमातीच्या शाळेचा खजिनदार होतो. शाळा उर्दू माध्यमाची, दहावीपर्यंत. काही तुकड्यांना सरकारी अनुदान, बाकीच्यांचा पगार जमातीच्या पैशांवर. सकाळी त्याच इमारतीत मकतब. मी बँकेत कारकून होतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. गावाचं नाव सांगत नाही. पुढे बऱ्याच चुका येणार आहेत आणि त्यांतल्या निम्म्या माझ्या आहेत.

तुम्ही विश्वस्त असाल, पालक असाल किंवा वर्षाला पाचशे रुपये देणारे असाल. तुम्हा तिघांनाही थोडं थोडं काम सांगतो.

आधी आमची सगळ्यांत महागडी चूक.

मार्च २०२५ संपला तेव्हा पासबुकातला आकडा पाहून कमिटी हरखली. एवढी जमा आम्ही कधी पाहिली नव्हती. बैठकीत कोणीतरी म्हणालं, शाळेला कमान पाहिजे. काळा ग्रॅनाइट, वर सोनेरी अक्षरं. आखातातल्या पोरांनी लगेच फोटो मागितले. मे महिन्यात कमान उभी राहिली. देखणी झाली. आणि नोव्हेंबरात शिक्षकांचे पगार थांबले.

झालं होतं असं. २०२४ चा रमजान मार्चमध्ये लागला, पण ईद आली ११ एप्रिलला. लोक हात सैल सोडतात ते शेवटच्या दहा दिवसांत. ते दहा दिवस एप्रिलात पडले, म्हणजे नव्या हिशोबी वर्षात. पुढचा रमजान मार्च २०२५ मध्ये, ईद ३१ मार्चला. एकाच हिशोबी वर्षात दोन रमजानांचे शेवटचे दहा-दहा दिवस आले. आम्ही त्याला बरकत म्हटलं. ती पुढच्या अकरा महिन्यांची शिदोरी होती. ती आम्ही कमानीला घातली.

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. शाळा मात्र जूनमध्येच उघडते आणि मास्तरांचं वाणसामान दर महिन्यालाच लागतं. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान लागणार आहेत. तेव्हाही कुठेतरी कमानी उभ्या राहतील. तुमच्याकडे नको.

म्हणून ईद झाली की पहिल्या रविवारी बसा. पाठकोरा कागद चालेल. महिन्याचा खर्च लिहा. पगार, वीजबिल, पाणी, खडू, झाडू मारणाऱ्या मावशींचे पैसे. त्याला बाराने गुणा. एवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि महिन्याच्या महिन्याला एका महिन्याच्या खर्चाएवढीच काढा. त्याशिवाय तीन महिन्यांचे पगार कायमचे बाजूला ठेवा. त्यांना हात लावायचा तर सगळ्या जमातीसमोर सांगून लावायचा. हे सगळं भागून उरलं, तर कमानीचं बघू.

आता दुसरी गोष्ट. संस्थेत येणारा सगळा पैसा एकसारखा नसतो.

मी नवा होतो तेव्हा पेटीत पडेल तो पैसा एकाच वहीत लिहायचो. त्या वर्षी शाळेच्या मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब घातला. पुढे बाहेरगावचे एक आलिम आले. त्यांनी सहज वही चाळली आणि विचारलं, यात जकात किती होती? मला सांगता येईना. त्यांनी छताकडे पाहिलं. बोलले काही नाहीत. ती नजर मला अजून आठवते. पुढची दोन वर्षं आम्ही इमदादीतून, म्हणजे साध्या देणगीतून, पैसे काढून जकातीच्या खात्यात भरत होतो.

तुम्हाला माहीत आहेच, जकात चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच. ती कोणाकोणाला द्यायची ते आठ प्रकार कुराणातच आले आहेत. बहुतेक आलिमांच्या मते ती गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते. भिंत मालक होत नाही. शिक्षकांचा पगारही तिच्यातून भागवता येत नाही. तपशील मसलकाप्रमाणे, म्हणजे पंथाप्रमाणे, बदलतात, तेव्हा तुमच्या आलिमांना विचारा. खजिनदाराला फतवा देऊ देऊ नका. तो मोह फार वाईट असतो, मला झालेला आहे.

गरीब मुलांची फी मात्र जकातीतून नीट भागते. त्याची सोपी रीत आहे. पैसे मुलाच्या आईच्या किंवा वडिलांच्या हातात द्या. तेच खिडकीवर जाऊन फी भरतील आणि पावती घेतील. दोन मिनिटं जास्त लागतात, पण हिशोब दोन्हीकडे साफ राहतो. पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणारी अल्पसंख्याक शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. लहान रक्कम होती, पण तीन-चार मुलांच्या घरात तिच्यावर वह्या, दप्तर, चपला भागत. ती जागा आता तुम्हालाच भरायची आहे.

पैसे देताना तोंडाने सांगा. जकात, फितरा, सदका की इमदाद. आणि पावतीवर तसं लिहून घ्या. पावतीवर रकाना नसेल तर मागच्या बाजूला लिहून घ्या. लाजू नका.

आणि जकात दिली म्हणजे शाळेचं देणं फिटलं असं समजू नका. मी वर्षानुवर्षं पाहिलं. जकात भरपूर येते, इमदाद आटलेली असते. पगार चालतो तो इमदादीवर. दीडशे घरांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तर तीस हजार होतात. बँकेला एकदा कायमची सूचना द्या, दर महिन्याला आपोआप जातील. रमजानातले एकरकमी पाच हजार चांगलेच. पण मास्तरांच्या घरी दूधवाला महिन्याला येतो.

एक जुना आधारही सुटला आहे. पूर्वी बकरी ईदची कातडी विकून मदरशाचा काही महिन्यांचा शिधा भरायचा. आता कातड्याला भाव राहिलेला नाही. काही ठिकाणी ती उचलायलाही कोणी येत नाही. ती जमा अजून अंदाजपत्रकात धरत असाल तर खोडा.

बँकेच्या व्याजाबद्दल विचाराल. ते घ्यायचं, कुठे खर्चायचं, हे आलिम सांगतील. पण ते वहीत लिहायचंच नाही, असं करू नका. आमच्याकडे एका वर्षी कोणीतरी ते पापभीरूपणाने गाळलं. ऑडिटर म्हणाले, बँक एक आकडा सांगते, तुम्ही दुसरा, आता खोटं कोणाचं मानू? व्याजाची वेगळी ओळ ठेवा. लपवण्यासारखं काही नाही.

पावती पुस्तकांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पन्नास पानांचं एक पुस्तक मुंबईला गेलं. नेणारा गृहस्थ सज्जन, पाचवक्ता नमाजी. पुस्तक परत आलं नाही. आम्हीही संकोचाने मागितलं नाही. तीन वर्षांनी त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या मुलाने कपाट उघडलं तर पुस्तक सापडलं. सतरा पावत्या फाटलेल्या. पैसे त्यांनी कोणाच्या तरी हाती गावी पाठवले होते. कोणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. माणूस खाऊन गेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण सतरा घरांना ते ठाऊक नाही. एका नेक माणसावर मेल्यावर बट्टा लागला, आणि तो आमच्या ढिलाईने.

तेव्हा पुस्तक देताना वहीत नंबर लिहा, सही घ्या. ईदनंतर पंधरा दिवसांत सगळी पुस्तकं परत. कोरी असली तरी परत.

आजकाल पुस्तकाची जागा क्यूआर कोडने घेतली आहे. मशिदीच्या दारावर लावलेला कोड स्कॅन केलात की नाव येतं. ते वाचा. संस्थेचं नाव आलं तर पैसे पाठवा. माणसाचं नाव आलं तर थांबा आणि विचारा. तो माणूस प्रामाणिकच असेल. पण उद्या त्याच्या घरात वाटणी झाली, खातं गोठलं, तर तुमची इमदाद त्याच्या भावांच्या भांडणात अडकेल.

परगावच्या मदरशासाठी पैसे गोळा करणारा सफीर दारात आला तर तस्दीकनामा मागा, त्यावरच्या मदरशाच्या नंबरवर तिथल्या तिथे फोन लावा. खरा सफीर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. आणि मदरसा चालवणाऱ्यांनो, सफीराला टक्केवारीवर ठेवू नका, पगारावर ठेवा. देणाऱ्याला शंभर रुपये यतीम मुलांसाठी द्यायचे असतात. त्यातले किती वाटेतच गळतात हे त्याला कळलं तर पुढच्या वर्षी दार उघडणार नाही.

आखातात असलेल्या आपल्या मुलांसाठी दोन शब्द. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, कमाई तुमची आहे आणि पैसे बँकेतून येतात, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. निर्धास्त पाठवा. पण तुमच्या चुलतभावाने ब्रिटनचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर गोष्ट बदलते. तो गावचाच असला, ओसीआय कार्ड असलं, तरी कायद्याने ती परदेशी देणगी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. हवाल्याने, कोणाच्या तरी बॅगेतून, भाईच्या हाती, असलं काही नको. दोन लाखांच्या मोहात शाळेचं दप्तर जप्त झालं तर मुलांनी जायचं कुठे?

इथल्या देणाऱ्यांनाही एक सांगतो. रोख दोन हजारांच्या वर दिलंत तर त्यावर आयकराची सवलत मिळत नाही. चेक द्या किंवा ऑनलाइन पाठवा. सवलत देण्याची परवानगी संस्थेकडे आहे का, हेही विचारा. ट्रस्टची घटना एकाच समाजापुरती लिहिलेली असेल तर ती मिळताना अडचण येते. एखाद्या चांगल्या सीएला ती एकदा वाचायला द्या.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचं नाव काढलं की आपल्या विश्वस्तांना कापरं भरतं. खरं तर तिथली कामं थोडी आहेत. वर्षाचा हिशोब तपासून दाखल करायचा. विश्वस्त बदलला, वारला, की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. ट्रस्टची जमीन परवानगीशिवाय विकायची नाही. एवढं केलं तरी निम्मी झोप लागते.

आम्ही चेंज रिपोर्ट दिला नव्हता. खात्यावर सही करणारे तिघे. दोघे कबरस्तानात, तिसरे कुवेतला. एके दिवशी बँकेने व्यवहार थांबवले आणि पाच आठवडे शाळेचं वीजबिल मी आणि हेडमास्तरांनी खिशातून भरलं. तुमच्या ट्रस्टचा उतारा आजच काढून बघा. त्यावरची किती नावं हयात आहेत, ते मोजा.

मालमत्ता वक्फची असेल तर ती नोंद छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ बोर्डाकडे असते. २०२५ मध्ये केंद्राने वक्फच्या मालमत्तांसाठी उमीद पोर्टल सुरू केलं. तुमच्या मशिदीच्या मुतवल्लींना विचारा, आपली नोंद चढली का? आणि हातासरशी गाळ्यांची भाडीही विचारा. बाजारात ज्या गाळ्याला आठ हजार मिळतील तो ट्रस्टकडून तीनशेला चाललेला असतो. भाडेकरू बहुधा कोणाचा तरी मेहुणा असतो. जुन्या लोकांनी ती दुकानं बांधली तीच मुळात मास्तरांचा पगार भागावा म्हणून. भाडं वाढवायचं म्हटलं की पंगतीला बोलावणं बंद होतं. होऊ द्या.

हिशोब मागितला की आपल्याकडे म्हणतात, शक घेता? पण कुराणातली सगळ्यांत लांब आयत कोणती, हे मुलांना विचारा. सूरह बकरातली २८२ वी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणारा नीट असावा, साक्षीदार असावेत, हे ती सांगते. तेव्हा वही मागणाऱ्याला कोणी बेअदब म्हणत असेल तर त्याला ही आयत काढून दाखवा.

पैशांचं इतकं बोललो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आता शाळेच्या आत चला.

स्नेहसंमेलनाला जाऊ नका. त्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकराला जा. किती वर्गांवर शिक्षक आहेत ते बघा. चौथीच्या एखाद्या मुलाला दुसरीचं पुस्तक द्या आणि वाचायला सांगा. दटावू नका, शेजारी बसा. तो वाचतोय की पाठ म्हणतोय, हे तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही कमी शिकलेले असलात तरी कळेल.

वही उघडा. प्रत्येक पानावर नुसती लाल खूण आहे की कुठे शब्द दुरुस्त केलाय? मग मुलींच्या संडासाकडे जा. आतून कडी आहे का? पाणी आहे का? सातवीनंतर मुली का गळतात यावर मोठी मोठी भाषणं होतात. आमच्याकडे कडी बसवली आणि पाण्याची टाकी चढवली. आयांनी पुढच्या वर्षी मुलींना घरी बसवायचं कारण शोधणं कमी केलं.

प्रयोगशाळेचं कपाट उघडायला सांगा. आमच्या कपाटात सूक्ष्मदर्शक होता, थर्माकोलमध्ये गुंडाळलेला, कंपनीच्या चिकटपट्टीसकट. नऊ वर्षं. किल्ली हेडमास्तरांकडे. मुलं हात लावतील आणि मोडेल, ही भीती. मी म्हटलं, मोडू दे. मोडला की दुसरा मागायला तोंड तरी राहील.

उर्दू शाळांच्या पालकांनो, मराठीकडे बघा. आपण घरात बोलतो ती कोकणातली मराठीच. तरी आपल्या पोराला तहसील कचेरीतला अर्ज भरताना घाम फुटतो. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत होते. तलाठ्याच्या परीक्षेत मराठीचे प्रश्न असतात. २०२० पासून राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. पण कायद्याने तास होतो, शिकवणं होत नाही. मराठीचा तास ज्याच्याकडे रिकामा वेळ असेल त्याला देतात. तो विषय ज्याला येतो आणि आवडतो त्यालाच द्या. उर्दू त्याने कमी होत नाही. ज्या मुलाची एक भाषा पक्की होते त्याची दुसरीही सुधारते, हे मी आमच्या दहावीच्या गुणपत्रिकांत पाहिलं.

आता शिक्षकांचं. इथे मला जरा कडक बोलू द्या.

संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. आपले शिक्षक आपण निवडतो, ते याच हक्कावर. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच, केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना, सांगून ठेवलं की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. आणि आपण काय केलं? जागेचा भाव ठरवला. माझ्या भाच्याला एका संस्थेत सरळ बारा लाख सांगितले. इमारत निधी म्हणे. पावती मिळेल का विचारलं तर हसले. घरात बहिणीच्या बांगड्या टेबलावर आल्या होत्या. मी त्या परत कपाटात ठेवायला लावल्या.

ज्याने पैसे भरून नोकरी घेतली तो पहिली आठ-दहा वर्षं कर्ज फेडतो. शाळेनंतर दुकानात बसतो. वर्गात त्याचा जीव कुठून असणार? त्याचा हप्ता तुमचं मूल भरतं. दुसरा प्रकार त्याहून वाईट. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा. विनाअनुदानित शिक्षकाला एप्रिलअखेर निरोप, जूनमध्ये परत बोलावणं, मेचा पगार बुडवलेला. आमचे गणिताचे सर असेच मुंब्र्याला गेले. त्या वर्षी दहावीच्या अठ्ठावीसांपैकी अकरा जण गणितात नापास झाले. कमिटीने मेचे पैसे वाचवले होते.

म्हणून संस्थेला एवढंच विचारा: जागेची जाहिरात आली होती का, मुलाखतीला बाहेरचा जाणकार बसला होता का, पगार बँकेत जमा होतो का? टीईटीचंही, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचंही, विचारा. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना ती परीक्षा बंधनकारक असल्याचा निकाल दिला, आणि अल्पसंख्याक शाळांना ती लागू करायची का हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. निकाल लागेल तेव्हा लागेल. तुम्ही आत्ताच तुमच्या शिक्षकांना परीक्षेला बसवा, पुस्तकांचे पैसे जमातीने द्या, अभ्यासाला दोन तास मोकळे सोडा. पास झालेल्याला पेढे द्या. नापास झालेल्याची टर उडवू नका.

मदरशांविषयी. बाहेरच्यांना वाटतं, मुसलमानांची सगळी मुलं मदरशातच असतात. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलं की शाळेच्या वयातली शंभरातली तीन-चारच मुलं मदरशात आहेत. पण ती तीन-चार बहुतेक गरिबाघरची. तुमचा मुलगा हाफिज होतोय, मोठी गोष्ट आहे. त्याच वेळी त्याची दहावी होऊ द्या. जवळच्या हायस्कुलात जाऊन बाहेरून दहावीला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करा, नाहीतर मुक्त विद्यालयाची. तीस पारे पाठ करणाऱ्या पोराला भूगोल जड जाणार नाही. मदरशाच्या मोहतमिम साहेबांनाही सांगा, राज्य सरकारची डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. गणित, विज्ञान, मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांचं त्यातलं मानधन ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वाढवलं, डीएडवाल्याला सोळा हजार, बीएडवाल्याला अठरा हजार. त्यासाठी नोंदणी लागते आणि हिशोब लागतो. म्हणजे पुन्हा वहीच.

कॉलेजांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथला माझा अनुभव तोकडा आहे. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं म्हटलं की महिनाभर रात्री जागून फायली रंगवतात. त्याऐवजी दर महिन्याला दोन फायली पुऱ्या करा. तासिकेवरच्या प्राध्यापकांचे पैसे सहा सहा महिने लटकवू नका. आणि दाखल्यासाठी आलेल्या मुलीला तीन खेपा घालायला लावू नका. तिच्या बरोबर येणाऱ्या बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो.

वही ठेवणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईत १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम ही शिक्षणसंस्था निघाली. बद्रुद्दीन तय्यबजींचं नाव सगळे घेतात. तिच्या उभारणीत नाखुदा मोहम्मद अली रोगे हे कोकणी व्यापारीही होते, हे आपल्या मुलांना सांगा. जहाजांच्या धंद्यातली माणसं. माल किती चढला, किती उतरला, हे लिहिल्याशिवाय त्यांचं गलबत बंदर सोडत नसे.

आमच्या गावी हिशोबाचा कागद मशिदीबाहेर लावायचं ठरलं, तेव्हा जमातीच्या सदर साहेबांना, म्हणजे अध्यक्षांना, ते पटलं नव्हतं. लोक काय म्हणतील? मी म्हटलं, म्हणू द्या. नववीतल्या एका मुलाने कागद टाइप केला. वर उर्दू, खाली मराठी. जमेच्या सहा ओळी, खर्चाच्या नऊ. एका जुम्म्याला तो डकवला. पुरुष चष्मे लावून वाचत होते आणि काही न बोलता निघून जात होते.

असरनंतर सुकट विकणारी एक खाला घरी आली. बरोबर पाचवीतला नातू. तिला वाचता येत नव्हतं, त्याने वाचून दाखवलं होतं. म्हणाली, "भाई, माझे दोनशे कुठच्या ओळीत?" मी कागद बघून सांगितलं, "इमदाद, किरकोळ." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोनशे किरकोळ?"

तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून पावती काढली. मी पुस्तक काढलं. स्थळप्रतीवर वीस होते. कार्बन सरकला होता, एक शून्य उठलंच नव्हतं. हातातली रोकड बरोबर, वही चुकलेली, आणि ते एकशेऐंशी रुपये मी 'फरक' म्हणून महिनाभर बाजूला ठेवून विसरलो होतो. त्याच संध्याकाळी जाऊन मी कागदावर लाल शाईने दुरुस्ती केली आणि खाली सही केली.

पुढच्या महिन्याच्या कागदावर 'किरकोळ' नव्हतं. खाला पुन्हा आली. नातवाला खांद्याला धरून कागदासमोर उभं केलं. तो वरून वाचत निघाला, तर म्हणाली, "ते राहू दे. आधी शिल्लक किती, ते वाच."